बाभळीची मूठ

आमच्या नणंदबाईंनी आजवर एकही वस्तू नुसती डोळ्यांनी पाहून विकत घेतलेली नाही, आणि जिला मूठ, दांडा किंवा कान असतो अशी वस्तू तर दुकानदाराचा धीर पुरता संपल्याशिवाय कधीच घेतलेली नाही. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात खुरपं घ्यायला निघाल्या, की त्या घरून आपल्याच मळ्यातली माती पिशवीत भरून नेत. लोहाराच्या पुढ्यात ती माती पसरायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं, उकिडवं बसायचं आणि एकेक खुरपं हातात घेऊन डोळे मिटून माती खरवडायची, हा त्यांचा रिवाज. वीस-पंचवीस खुरपी अशी तपासून झाली की त्यातली दोन बाजूला निघत. मग त्या दोन्हींची पुन्हा परीक्षा. शेवटी एक परत ठेवताना त्या लोहाराला शांतपणे कारण सांगत, "ह्याच्यावर करंगयी उपाशी राह्यते." म्हणजे करंगळीला मुठीवर जागाच उरत नाही. लोहारही इतका सरावला होता, की बाई लांबून येताना दिसल्या की आधी भाकर खाऊन घेई.

नणंदबाई म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. चांदूर बाजारजवळच्या एका गावी त्यांचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर (जिला आम्ही वऱ्हाडात सांबार म्हणतो) आणि बांधाला झेंडू. मी मूळची अकोल्याची. लग्नानंतर अमरावतीला आले आणि शाळेत मराठी शिकवण्यात जन्म घालवला. मला पाहायला आल्या तेव्हा नणंदबाईंनी रांधता येतं का, शिवता येतं का, असलं काही विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सारली, माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "दाब." मी घाबरत घाबरत दाबला. त्या भावाकडे वळून म्हणाल्या, "लहान हाय, पन धरते." झालं, माझी पसंती. माझी आई पुढे कित्येक वर्षं या प्रसंगाबद्दल बोलताना बैलबाजाराचा उल्लेख करत असे. मलाही तो अपमान बरेच दिवस पुरला.

पण नंतर कळलं, की त्यांनी मला काही वेगळं वागवलं नव्हतं. एसटीत चढल्यावर त्या आधी समोरच्या सीटची दांडी धरून पाहत आणि ती मुठीत नीट बसली तरच तिथे बसत. मग भले खिडकी मिळो न मिळो. अमरावतीच्या भांड्यांच्या दुकानात त्यांना मी एकदाच नेलं. झारा घ्यायचा होता. त्यांनी तो हातात धरून हवेतल्या हवेत भजी तळायला सुरुवात केली. टाकली, उलटली, निथळली, ताटात काढली. दुकानात आलेल्या दोन बायका कंपनीचं काही प्रात्यक्षिक चालू आहे समजून थांबल्या आणि शेवटी नणंदबाईंनी नाकारलेला झारा त्यांच्यापैकी एकीने घेतला. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चार पायांची ॲल्युमिनियमची काठी दिली होती. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. "हे काठी नाई, स्टूल हाय," एवढंच म्हणाल्या. स्वतःची काठी त्यांनी स्वतः तासली. पुढे तर गावातले म्हातारे काठीसाठी त्यांच्याकडे येऊ लागले. त्या आधी म्हाताऱ्याला अंगणात चालवून बघत, मग त्याचा तळवा चाचपत आणि मग, मनात आलं तरच, काठी देत.

हे सगळं मी गंमत म्हणूनच सांगत आले असते. पण माझी मुलगी मयूरी हिच्या कॉफीच्या दुकानात जे घडलं त्यानंतर ते नुसती गंमत राहिलं नाही.

मयूरी इंजिनिअर झाली, पुण्यात चांगल्या नोकरीला लागली आणि साथीच्या दिवसांत घरून काम करायला म्हणून अमरावतीला आली ती परत गेलीच नाही. तिनं नोकरी सोडली आणि कॉलेजच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन कॉफीचं दुकान थाटलं. चार टेबलं आणि नागपूरहून आणलेलं एक जुनं, भलं मोठं यंत्र. आमच्या गावात कॉफी म्हणजे लग्नातली, दुधाळ आणि जायफळाची. हिची कॉफी काळी, दाट, घोटभर. तरी मुलं-मुली येऊ लागली, मागून त्यांचे मास्तरही येऊ लागले. त्या यंत्राला दांड्याची एक वाटी असते. तिच्यात दळलेली कॉफी भरायची, वरून दाबून तिची सपाट, घट्ट वडी करायची आणि मग वाटी यंत्राला अडकवायची. ज्याने दाबायचं त्याला टॅम्पर म्हणतात. खाली पोलादाची चकती, वर मूठ. वडी तिरपी बसली किंवा काठाला भुगा सैल राहिला, की गरम पाणी तिथूनच पळ काढतं आणि कपात आंबट पाणी उतरतं. यंत्राबरोबर आलेला टॅम्पर वाटीपेक्षा लहान होता, त्यामुळे काठ नेहमी सैलच राही. म्हणून मयूरीनं फोनवर पाहून दुसरा मागवला. त्याची चकती वाटीत अगदी चपखल बसे आणि दिसायला तर तो एखाद्या राजाच्या शिक्क्यासारखा दिसे. जाडजूड, काळा, चकचकीत.

वर्षभरात मयूरीचं मनगट गेलं. सकाळी उठल्यावर तिला केसांना चाप लावता येईना. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि म्हणाले, हे दाबायचं काम थांबवा, नाहीतर पुढे कठीण होईल. नेमका त्याच सुमाराला पुण्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला, की जागा रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत कळव. मयूरीनं पट्टा बांधून दुकान चालूच ठेवलं. आणि मी, आज सांगायला हरकत नाही, मनातून सुटले होते. शाळेतल्या जुन्या सहकारी भेटल्या की विचारत, "इंजिनिअर ना तुमची मुलगी? मग हे चहाचं दुकान?" मी हसून वेळ मारून नेई, पण घरी येऊन मला जेवण जात नसे. त्यात तिचं लग्न राहिलेलं. मुलीचं मनगट दुखत होतं याचं वाईट वाटतच होतं, पण त्या दुखण्यानं माझं बोलणं वाचवलं, असंही वाटत होतं. मी तिला जा म्हणाले नाही. राहा असंही म्हणाले नाही.

त्याच आठवड्यात नणंदबाई डोळे दाखवायला आमच्याकडे आल्या. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून काळा चष्मा दिला आणि घरी जाऊन पडून राहायला सांगितलं. त्या घरी न येता सरळ भाचीच्या दुकानात गेल्या. काउंटरच्या आत स्टूल ओढून, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन, काळा चष्मा लावून त्या दिवसभर बसून राहिल्या. गिऱ्हाइकांना त्या तपासणीला आलेल्या कुणीतरी अधिकारी वाटल्या. एका मुलाने तर आपण होऊन टेबल पुसून दिलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा टॅम्पर त्यांच्या हातात होता.

"हे तं लहान धुम्मस हाय," त्या म्हणाल्या. धुम्मस म्हणजे मातीची जमीन चोपायचं जड लाकूड. "पन हे कोन्या पैलवानाचं हाय?"

मयूरी म्हणाली, की माझंच आहे, मीच मागवलं.

"घेताना हातात धरून पाह्यलं होतं?"

"आत्या, फोटो पाहून घेतलं. ऑनलाइन आलं."

नणंदबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी मुलीचं लग्नच फोटो पाहून लावून दिलं होतं. मग त्यांनी मयूरीला दाबायला लावलं. एकदा, दोनदा, दहादा. त्यांचा एक हात तिच्या कोपराखाली, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या करंगळीखाली. त्यांचं म्हणणं असं पडलं, की मूठ तिच्या तळव्यात मावतच नाही, म्हणून ती वरून बोटांनी धरते, म्हणून मनगट मोडतं आणि सगळा भार तिथे येतो. मूठ तळव्यात रुतून बसली पाहिजे, अंगठा आणि पहिलं बोट खाली चकतीच्या काठाला टेकलं पाहिजे, म्हणजे वडी सपाट झाली की नाही ते बोटांनाच कळतं, आणि मनगट कोपराच्या रेषेत सरळ राहिलं पाहिजे. चकती चांगली आहे, ती राहू द्या, मूठ बदला. आयुष्यात कॉफीचा थेंब न चाखलेल्या बाईने हे सांगितलं. मयूरीनं रात्री फोनवर शोधून पाहिलं, तर परदेशातले जाणकार अगदी हेच सांगत होते.

मूठ फिरकीची होती, काढता येत होती. प्रश्न होता तो नवीन मुठीच्या मापाचा. नणंदबाईंनी कणीक मळून घेतली, तिचा गोळा मयूरीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, की दाबायचं तशी धर. बोटांचे, तळव्याचे ठसे छान उमटले. तो गोळा त्यांनी स्टीलच्या डब्यात ठेवला आणि जाहीर केलं, की उद्या अकोल्याला जायचं. माझ्या माहेरच्या गल्लीत, अकोल्याच्या जुन्या वस्तीत, एक म्हातारे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, आहेत. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे करतात. त्यांचं नाव मीच कधीतरी बोलता बोलता घेतलं होतं. मयूरीला दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून मी बरोबर जायचं ठरलं. मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

चैत्र संपत आलेला. अमरावती ते अकोला एसटीत ऊन असं काही आत येत होतं, की डबा मांडीवर घेतलेल्या नणंदबाई मूर्तिजापूरपर्यंत त्याला पदराने वारा घालत होत्या. खराद्यांच्या दारात पोचून डबा उघडला, तर कणीक फुगून झाकणाला चिकटली होती. बोटं नाहीत, तळवा नाही, काही नाही. खरादी आत डोकावले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, ह्याच्या पुऱ्या होतीन. दुसरं काई होनार नाई."

मला वाटलं, सुटलो, आता परत जाऊ. पण नणंदबाईंनी डब्याचं झाकण लावलं, माझा उजवा हात धरला आणि खराद्यांच्या फळीवर पालथा, मग उताणा ठेवला. "पोट्टीचा हात हिच्यावर गेला," त्या म्हणाल्या. "हिच्या मापानं करा." मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मयूरीचं नाक बापाचं, उंची बापाची, रागसुद्धा बापाचा. हात माझा होता हे मला अकोल्याच्या त्या ओट्यावर कळलं.

लाकूड बाभळीचं निवडलं, कारण बाभूळ घामाने सटकत नाही. खराद्यांनी पहिली मूठ उतरवली. ती बरोबर आणलेल्या चकतीवर बसवून, खाली घडी केलेलं पोतं ठेवून मी दाबायचं आणि नणंदबाईंनी माझ्या करंगळीखाली बोट घालून पाहायचं. नाही. दुसरी केली. नाही. तिसरी थोडी बारीक, चौथी थोडी बुटकी. नाही, नाही. ओट्यावर भुश्शाचा ढीग झाला. खराद्यांनी आधी कॉफी म्हणजे काय ते विचारलं, मग एवढ्यासाठी दोन बायका अमरावतीहून आल्या का ते विचारलं आणि चौथ्या मुठीनंतर विचारायचंच सोडून दिलं. पाचवी मूठ मी दाबत होते तेव्हा नणंदबाई मुठीकडे पाहतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"वयनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू धरून राह्यली. दाबून नाई राह्यली. मनापासून दाब."

 त्या एका वाक्यात त्यांनी माझ्या मनातलं सगळं ओट्यावर मांडलं होतं, आणि खराद्यांना त्यातलं काही कळलं नाही हेच माझं नशीब. मी डोळे मिटले. डोळ्यांपुढे मयूरी आली, सकाळी सातला दुकानाचं शटर उघडणारी. पट्टा बांधलेल्या हाताने कप पुसणारी. पहिल्या दिवशी पहिला कप मला देऊन माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिलेली. त्या दिवशी मी "छान आहे" म्हणाले होते आणि अर्धा कप तसाच ठेवला होता. मी दाबलं. कोपरापासून, सरळ. नणंदबाईंनी करंगळीखाली बोट घातलं, काढलं, आणि पाचवी मूठ बाजूला ठेवून भुश्शातून दोन नंबरची मूठ उचलली. पुन्हा दाबायला लावलं.

"हे," त्या म्हणाल्या. "हे मंघाशीच झालं होतं."

खराद्यांनी कपाळाला हात लावला. पण मग त्यांनीही ती मूठ मागून घेतली, स्वतःच्या तळव्यात फिरवून पाहिली, काचकागदाने घासून, तेल लावून दिली आणि उरलेल्या मुठींना आर बसवून भोवरे करतो म्हणाले.

परतीच्या गाडीत मूठ नणंदबाईंच्या पदराला बांधलेली होती. बोरगाव मागे पडल्यावर मीच म्हणाले, की बाई, तुम्हाला कसं कळलं. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. त्यांची करंगळी सरळ होत नव्हती. हुकासारखी आत वळलेली होती. तीसहून अधिक वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवले, तिचा हात मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन मळ्यावर गेल्या तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या. सासूने हाती दिलं ते सासऱ्यांचं खुरपं, पुरुषी मुठीचं. आठ वर्षं त्यांनी त्याच खुरप्याने निंदण केलं. दुसरं मागायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि दुखतं म्हणायची पद्धत नव्हती. सासू गेल्यावर पहिल्यांदा स्वतः बाजारात गेल्या आणि दुकानात एक लहान मुठीचं खुरपं हातात धरलं, तेव्हा तिथेच बसून रडल्या. तोवर बोट वाकून गेलं होतं.

"पोट्टीनं जावं का राहावं, थे तिचं तिनं ठरवावं," त्या म्हणाल्या. "तुले काय वाटते थे बी सांग तिले, चोरून ठेवू नोको. पन हात दुखते म्हून कोनी जाऊ नये."

त्या रात्री मी मयूरीला सगळं सांगितलं. लोक काय विचारतात ते, माझं जेवण जात नाही ते, आणि तिच्या दुखण्यानं मी सुटले होते तेसुद्धा. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मला माहीत होतं, आई. तू म्हणत नव्हतीस म्हणून मला भांडता येत नव्हतं." मग आम्ही भांडलो. चांगलं तासभर भांडलो. नणंदबाई शेजारच्या खोलीत डोळ्यांत औषध घालून स्वस्थ पडून होत्या.

सकाळी दुकानात मयूरीनं नवी मूठ चकतीवर फिरवून बसवली, वाटीत कॉफी भरली आणि दाबलं. वाटी यंत्राला लावण्याआधी पुन्हा एकदा मुठीवर हात ठेवून पाहिला. कॉफी मधासारखी बारीक धारेने उतरली. पहिला कप आत्याला. त्यांनी बशीत ओतून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "हे दुखन्यावर घेतात का?" मग गुळाचा खडा मागितला. दुसरा कप मी घेतला आणि पूर्ण प्यायले. कडूच होता.

मनगट काही एका दिवसात बरं झालं नाही. दोन महिने लागले, पट्टा, तेल, व्यायाम, आणि मधले काही आठवडे मी निवृत्त बाई काउंटरमागे उभी राहून मुलीच्या हाताखाली दाबायला शिकले. माझ्या हाताला मूठ बसतच होती. माझ्या माजी विद्यार्थ्यांनी माझ्या हातची कॉफी प्यायली आणि व्याकरणाच्या तासाला केली नसतील इतकी नम्र तोंडं करून चांगली आहे म्हणाले. मयूरीनं पुण्याला नकार कळवला. पुढे कधी जाईल की नाही ते मला माहीत नाही, आणि आता मी विचारत नाही.

नणंदबाईंचं मात्र आता वय झालं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांची बोटं आखडली आहेत. मळा मुलगा आणि सून बघतात. त्या ओसरीवर बसून असतात. कोणी काठी मागायला आलं तर नुसत्या मान हलवतात. त्यांच्या हातात आता काहीच बसत नाही, पाण्याचा पेलासुद्धा सून धरते. या गोष्टीबद्दल त्या एक शब्द बोलत नाहीत, आणि ज्या बाईने जन्मभर प्रत्येक वस्तूला नावं ठेवली तिचं हे गप्प बसणं मला सोसत नाही.

मयूरीचं दुकान सोमवारी बंद असतं. दर सोमवारी ती सकाळच्या गाडीने आत्याकडे जाते. मागच्या सोमवारी मीही गेले होते. तिनं वाटीत तेल कोमट करून घेतलं, आत्याचा हात आपल्या मांडीवर ठेवला आणि बोटं एकेक करून चोळायला लागली. नणंदबाई डोळे मिटून होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडताच तिचा हात थांबवला.

"दाबू नोको, पोरी," त्या म्हणाल्या. "नुस्ता ठेव."

मयूरीनं हात त्यांच्या वाकलेल्या बोटांत ठेवला. तो बसला. बांधावर झेंडू फुलला होता आणि वाफ्यात पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. दोघी तशाच बसून राहिल्या. मी काही वेळ दारात उभी होते, मग चहा ठेवायला आत गेले.